घरातली लढाई अन् बाहेरच्या फौजा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या वाचनालयात संध्याकाळी पेपर वाचायला स्पर्धा परीक्षेची मुले येतात, निवृत्त शिक्षक येतात, कापसाच्या चुकाऱ्याची वाट पाहणारे शेतकरीही येतात. सुदान किंवा काँगोची बातमी आली की तेच ते प्रश्न पुन्हा निघतात. त्यांची उत्तरे इथे एका जागी लिहून ठेवली आहेत. काही प्रश्न विचारणाऱ्याच्याच बोलीत राहू दिले आहेत.

यादवी कशाला म्हणायचे? दंगल आणि यादवीत फरक काय?

एकाच देशातले सशस्त्र गट राज्य ताब्यात घेण्यासाठी किंवा वेगळे राज्य मिळवण्यासाठी दीर्घकाळ लढतात, दोन्ही बाजूंकडे मुलूख, माणसे आणि पैसा असतो, तेव्हा ती यादवी. दंगल चार-आठ दिवसांत विझते. बंडखोरांच्या हातात एखादे बंदर किंवा खाण आली आणि ते कर वसूल करू लागले, की बाहेरच्या राजधान्यांमध्ये त्यांचे दूत भेटी मागू लागतात. बाहेरच्यांचा शिरकाव साधारण त्याच सुमारास सुरू होतो.

बाहेरचा देश मधात पडते तरी काहून?

बहुतेक वेळा त्याला आतून कुणीतरी बोलावलेले असते. याचा दाखला आपल्या नागपुरातच आहे. १८१६ मध्ये दुसरे रघूजी भोसले वारले. मुलगा परसोजी राज्य चालवण्याच्या अवस्थेत नव्हता, म्हणून दरबारात तट पडले. चुलतभाऊ आप्पासाहेबांना कारभार आपल्या हाती हवा होता. त्यांनी मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती फौजेचा तह केला. फौज इंग्रजांची, खर्च नागपूरच्या तिजोरीचा. पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, त्याच इंग्रजांशी सीताबर्डीच्या टेकडीवर लढायची पाळी आली आणि नागपूरकर हरले. त्याआधी १७७५ मध्ये राघोबादादांनी पेशवाईसाठी मुंबईकर इंग्रजांशी सुरतेचा तह केला होता. मदतीच्या बदल्यात साष्टी आणि वसई देऊ केली होती.

विसाव्या शतकातल्या आफ्रिकेत हाच व्यवहार पुन्हा पुन्हा झालेला दिसतो. घरच्या भांडणात कमजोर पडलेला तट बाहेरच्याला बोलावतो. मोबदला म्हणून जे देतो ते त्याच्या एकट्याचे नसते, साऱ्या देशाचे असते : खाण, बंदर, तळासाठी जागा, तेलाचा ठेका.

अर्थात नुसत्या बोलावण्याने कुणी येत नाही. येणारा आपला हिशोब पाहतो. शेजारची आग आपल्या घरात येईल का, आपला प्रतिस्पर्धी तिथे आधीच पोहोचला आहे का, निर्वासितांचे लोंढे आपल्याकडे येतील का, आपला कच्चा माल अडेल का. यातली दोन कारणे जुळली की फौज नाहीतर शस्त्रे निघतात. भाषणात मात्र तिसरेच कारण सांगितले जाते.

अंगोला कुठं, क्युबा कुठं! त्याईचं तिथं काय काम होतं?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि तो यायलाच हवा, कारण अंगोलाची यादवी समजली की या विषयाचे अर्धे दरवाजे उघडतात.

अंगोला पोर्तुगालची वसाहत होती. एप्रिल १९७४ मध्ये खुद्द पोर्तुगालमध्ये लष्कराने हुकूमशाही उलथवली आणि नव्या सरकारने वसाहती सोडायचे ठरवले. अंगोलात स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या तीन संघटना होत्या : आगुश्तिन्यु नेतु यांची एमपीएलए, होल्डन रॉबर्टो यांची एफएनएलए आणि जोनास साविम्बी यांची युनिटा. तिघींचे आपसात जमत नव्हते. जानेवारी १९७५ मध्ये आल्व्होर इथे तिघींनी मिळून सरकार चालवण्याचा करार केला, तो काही महिन्यांतच मोडला. ११ नोव्हेंबर १९७५ ही स्वातंत्र्याची तारीख ठरलेली होती. त्या दिवशी राजधानी लुआंडा ज्याच्या ताब्यात, त्याचे सरकार, असे प्रत्येकाने धरले होते.

मग धावपळ सुरू झाली. एमपीएलएला सोव्हिएत संघाची शस्त्रे आणि क्युबाचे प्रशिक्षक मिळाले. एफएनएलएमागे शेजारचा झाईर, म्हणजे काँगोचेच तेव्हाचे नाव, होता. अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने एफएनएलए आणि युनिटा या दोघांना गुपचूप पैसा व शस्त्रे पुरवली. ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारची फौज दक्षिणेकडून आत शिरली आणि लुआंडाकडे निघाली. नोव्हेंबरमध्ये क्युबाने समुद्रापारहून सैन्य उतरवायला सुरुवात केली. दक्षिण आफ्रिकेची फौज थांबली आणि एमपीएलएचे सरकार टिकले.

आता प्रत्येकाचा हिशोब पाहा. दक्षिण आफ्रिकेच्या ताब्यात त्या वेळी शेजारचा नामिबिया होता. अंगोलात विरोधी सरकार आले तर नामिबियाच्या स्वातंत्र्यसैनिकांना तिथे आसरा मिळणार, ही त्यांची भीती. अमेरिका नुकतीच व्हिएतनाममधून हरून निघाली होती. आणखी एक देश सोव्हिएत गोटात जाऊ नये एवढीच तिची दृष्टी. अंगोलाच्या माणसांची तिला फारशी पर्वा नव्हती, असे माझे स्पष्ट मत आहे. क्युबाचे प्रकरण निराळे. क्युबातल्या लाखो लोकांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेले होते आणि फिडेल कास्त्रो हे नाते जाहीरपणे सांगत. मॉस्कोने हुकूम दिला म्हणून क्युबा गेली असे त्या काळी पश्चिमेत मानले जाई. नंतर खुली झालेली कागदपत्रे मात्र सांगतात की सैन्य पाठवण्याचा निर्णय हवानाचा, म्हणजे क्युबाच्या सरकारचा, स्वतःचा होता. १९८८ पर्यंत अंगोलात सुमारे ५० हजार क्युबन सैनिक होते. एका लहान बेटासाठी हा आकडा थक्क करणारा आहे.

म्हणजे सगळे तेल आणि खनिजासाठीच चालते, असेच ना?

नाही. हे उत्तर सोपे आहे म्हणून ते चटकन पटते, पण अंगोलातच ते अडते. तिथले तेल मुख्यतः काबिंडा या तुकड्यात होते आणि ते काढत होती गल्फ ऑइल ही अमेरिकी कंपनी. ती कर भरायची एमपीएलएच्या सरकारला. त्या करातून सरकारचा लढाईचा खर्च भागायचा. आणि त्या अमेरिकी कंपनीच्या विहिरींवर पहारा होता क्युबन सैनिकांचा! दुसरीकडे अमेरिकेचे सरकार त्याच सरकारविरुद्ध लढणाऱ्या साविम्बींना शस्त्रे देत होते. कंपनीचा हिशोब एक, तिच्या देशाच्या सरकारचा दुसरा.

नायजेरियातही तसेच. ३० मे १९६७ रोजी पूर्व भागाने बियाफ्रा नावाने वेगळे राष्ट्र जाहीर केले. ब्रिटन नायजेरियाच्या सरकारच्या बाजूने राहिले. शेल-बीपी या तेलकंपनीचे हित त्यात होतेच. पण त्याच सरकारला लढाऊ विमाने दिली सोव्हिएत संघाने. शीतयुद्धातले दोन वैरी इथे एका बाजूला. फ्रान्सने बियाफ्राला आडून मदत केली, कारण पश्चिम आफ्रिकेतला इंग्रजी वळणाचा एवढा मोठा देश त्याला नको होता. आणि टांझानियाचे अध्यक्ष ज्युलियस न्येरेरे यांनी १९६८ मध्ये बियाफ्राला मान्यता दिली, तीत तेलाचा थेंबही नव्हता. पूर्व भागातल्या इग्बो लोकांच्या कत्तलीनंतर त्यांना जबरदस्तीने एका देशात ठेवू नये, असे त्यांचे म्हणणे होते. जानेवारी १९७० मध्ये बियाफ्रा पडले. तोवर उपासमारीने लाखो माणसे, त्यात बहुतेक मुले, गेली होती.

जुन्या वसाहतींमधेच हे जास्त काहून होते?

गोऱ्या मालकांनी जाताना जे मागे ठेवले त्यामुळे. काँगो पाहा. ३० जून १९६० रोजी बेल्जियमने स्वातंत्र्य दिले तेव्हा एवढ्या प्रचंड देशात स्थानिक पदवीधर बोटांवर मोजण्याइतके होते. सैन्यात एकही काळा अधिकारी नव्हता. स्वातंत्र्यानंतर आठवडाही झाला नव्हता तोच शिपायांनी बंड केले. बेल्जियमने आपल्या नागरिकांच्या रक्षणाचे कारण देऊन सैन्य उतरवले. ११ जुलैला कटांगा प्रांत फुटून निघाला. तांब्याच्या खाणी तिथेच होत्या. त्या चालवणारी युनियन मिनिएर ही बेल्जियन कंपनी देशाचा कर थेट कटांगाचे पुढारी मोइज चोम्बे यांना देऊ लागली. पंतप्रधान पात्रिस लुमुंबा यांनी आधी संयुक्त राष्ट्रांकडे आणि मग सोव्हिएत संघाकडे मदत मागितली. तेवढ्याने ते पश्चिमेच्या डोळ्यांत खुपले. १७ जानेवारी १९६१ रोजी कटांगात त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. त्यात बेल्जियमची नैतिक जबाबदारी होती हे बेल्जियमच्या सरकारने २००२ मध्ये मान्य करून माफी मागितली.

रेल्वेमार्ग हा या मागे ठेवलेल्या सामानातला फार बोलका भाग आहे. वसाहतीतली रेल्वे गावाला गाव जोडण्यासाठी नसते, माल बंदराला नेण्यासाठी असते. अंगोलाची बेंगेला रेल्वे तांब्याच्या पट्ट्यातून थेट लोबितु बंदराला जाते. आपल्याकडची मूर्तिजापूर-यवतमाळची शकुंतला ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे वेगळे सांगायला नको. तीही इंग्रज कंपनीने कापसासाठीच टाकली. अशा देशात एक मार्ग, एक बंदर आणि एक खाण ताब्यात असली की सरकार चालते. लढणाऱ्यालाही ते कळते, बाहेरच्यालाही.

अमेरिकाही वसाहतच होती. तिच्या यादवीत कुणी पडले का? आणि वऱ्हाडच्या कापसाचा संबंध सांगतात तो खरा का?

खरा आहे, आणि तो नीट समजून घ्यावा असा आहे.

अमेरिका ही ब्रिटनची जुनी वसाहत. १८६१ मध्ये गुलामगिरी टिकवू पाहणारी दक्षिणेची राज्ये फुटली आणि यादवी पेटली. ब्रिटनच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग दक्षिणेतून येत असे. दक्षिणेच्या पुढाऱ्यांचा डाव साधा होता : कापूस रोखून धरायचा, गिरण्या बंद पडल्या की ब्रिटन धावत येईल आणि आपल्याला मान्यता देईल. तिकडे लिंकन यांनी एप्रिल १८६१ मध्येच दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली.

ब्रिटन आले का? अगदी उंबऱ्यापर्यंत आले. नोव्हेंबर १८६१ मध्ये उत्तरेच्या युद्धनौकेने ‘ट्रेंट’ या ब्रिटिश टपालबोटीवरून दक्षिणेचे दोन दूत पकडले, तेव्हा ब्रिटनने कॅनडात हजारो सैनिक पाठवले. दूत सोडून दिल्यावर ते निवळले. १८६२ च्या शरद ऋतूत पंतप्रधान पामर्स्टन यांच्या मंत्रिमंडळात मध्यस्थीचा विचार चालला होता आणि फ्रान्सचा तिसरा नेपोलियन त्यासाठी उत्सुक होता. पण सप्टेंबरमध्ये अँटिएटमच्या लढाईत दक्षिणेची चढाई परतवली गेली. पाच दिवसांनी लिंकन यांनी गुलाममुक्तीचा प्राथमिक जाहीरनामा काढला. त्यानंतर दक्षिणेची बाजू घेणे म्हणजे उघड उघड गुलामगिरीची बाजू घेणे झाले असते. नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळाने नकार दिला.

या नकाराच्या जमाखर्चात आपला कापूस येतो. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आले होते. अमेरिकेची आवक तुटताच भाव भडकले आणि वऱ्हाड-नागपूरकडचा कापूस बैलगाड्यांनी मुंबईच्या दिशेने निघाला. १८६२ मध्ये ब्रिटनला पोहोचलेल्या कापसात सर्वांत मोठा वाटा हिंदुस्थानचा होता. लँकेशायरच्या कामगारांना तो आवडत नसे. आखूड धाग्याचा, काडीकचरा मिसळलेला, मागावर सारखा तुटणारा. कामगाराला मजुरी नगावर मिळायची, त्यामुळे धागा तुटला की त्याची कमाईही तुटायची. तरी गिरण्या अगदीच मेल्या नाहीत. इजिप्तचा कापूसही होता, आधीचा साठा होता. शिवाय पीक बुडालेल्या त्या वर्षांत ब्रिटनला उत्तरेचा गहू हवा होता. वऱ्हाडच्या कापसाने ब्रिटनला युद्धापासून रोखले असे काही जण अभिमानाने म्हणतात, ती अतिशयोक्ती आहे. पण दक्षिणेचा हुकमाचा पत्ता निकामी करणाऱ्या कारणांत तो होता, हे मात्र पक्के.

इथल्या शेतकऱ्याच्या हाती काय आले? १८६५ मध्ये अमेरिकेतली लढाई संपली आणि भाव कोसळला. नागपूरला रेल्वे पोहोचली १८६७ मध्ये, खामगावचा फाटा झाला १८७० मध्ये. म्हणजे तेजी ओसरल्यावर रूळ आले. पऱ्हाटीखाली गेलेली जमीन आणि सावकाराची उचल मात्र तशीच राहिली. समुद्रापलीकडच्या यादवीचा भाव इथल्या शेतकऱ्याने असा मोजला. म्हणून ‘आपल्याला काय त्याचे’ असे कुणी म्हटले की मला राहवत नाही.

त्याच काळात बाजूच्या मेक्सिकोत, जी स्पेनची जुनी वसाहत, यादवीत हरलेल्या सनातनी गटाने युरोपकडे राजा मागितला. फ्रान्सने सैन्यासह ऑस्ट्रियाचा राजपुत्र मॅक्सिमिलियन आणून बसवला. १८६७ मध्ये फ्रेंच सैन्य निघून गेले आणि मॅक्सिमिलियनला बेनितो हुआरेस यांच्या सरकारने गोळ्या घातल्या. बोलावणाऱ्यांना याहून महाग धडा क्वचितच मिळाला असेल.

भारतानेही १९७१ मध्ये आणि श्रीलंकेत हेच केले. मग आपले बरोबर आणि बाकीच्यांचे चूक कसे?

हा प्रश्न टाळू नये. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात लष्कराने कत्तली केल्या आणि सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले. निर्वासित म्हणजे काय हे विदर्भाला माहीत आहे. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांतल्या बंगाली वस्त्या पूर्व पाकिस्तानातून उठून आलेल्यांच्याच आहेत. त्या लढाईत भारताचा स्वार्थ होता का? होता. पाकिस्तानचे दोन तुकडे होणे दिल्लीला सोयीचे होते. तरीही मी तो हस्तक्षेप योग्य मानतो. तिथल्या जनतेने निवडणुकीत आधीच कौल दिला होता, तो बंदुकीने चिरडला गेला होता, आणि लढाई संपल्यावर मार्च १९७२ पर्यंत भारतीय सैन्य बांगलादेशातून बाहेर पडले. किती लवकर परत निघाले, हा माझ्या मते सर्वांत भरवशाचा निकष.

श्रीलंकेबद्दल मी असे म्हणू शकत नाही. आधी आपणच तमिळ गटांना प्रशिक्षण दिले. मग जुलै १९८७ च्या करारानंतर शांतिसेना पाठवली आणि ती त्यांच्यापैकीच एकाशी, एलटीटीईशी, लढू लागली. सुमारे १,२०० भारतीय सैनिक तिथे गेले ते परतले नाहीत. ८ महार रेजिमेंटचे मेजर रामस्वामी परमेश्वरन २५ नोव्हेंबर १९८७ रोजी छातीत गोळी लागूनही लढत राहिले आणि तिथेच पडले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. महार रेजिमेंटमध्ये मुलगा असलेली घरे आपल्या भागात गावोगाव आहेत, त्यामुळे हे नाव इथे आदराने घेतले जाते. सैनिकांच्या शौर्यात काही उणे नव्हते, धोरणच फसले होते. मार्च १९९० मध्ये सैन्य परत आले, तेही श्रीलंकेच्या नव्या अध्यक्षांनी जा म्हटल्यावर.

संयुक्त राष्ट्रांची शांतिसेनाही बाहेरचीच ना?

बाहेरचीच, पण तिला कुणा एका देशाचा ठेका मिळवायचा नसतो. काँगोत कटांगाचे फुटणे शेवटी जानेवारी १९६३ मध्ये तिनेच मोडून काढले. त्यात भारतीय ब्रिगेडचा मोठा वाटा होता. कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया ५ डिसेंबर १९६१ रोजी एलिझाबेथविलमध्ये धारातीर्थी पडले. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत परमवीरचक्र मिळालेले ते एकटेच. पण ज्या लुमुंबांनी ही सेना मागितली होती त्यांना ती वाचवू शकली नाही, हेही विसरता येत नाही.

बाहेरचे आले की लढाई लवकर मिटते का?

एकच बाजू जबर असेल तर कधी कधी. दोन्हीकडे बाहेरची रसद सुरू झाली की लढाई लांबते, कारण थकलेल्याला थांबावे लागत नाही. धुऱ्याच्या भांडणात दोन्ही भावांचा कोर्टाचा खर्च बाहेरचा कुणी भरत असेल तर तडजोड कोण करेल?

अंगोलात डिसेंबर १९८८ च्या करारानंतर क्युबा आणि दक्षिण आफ्रिका दोघे बाहेर पडायला तयार झाले. त्यातून १९९० मध्ये नामिबिया स्वतंत्र झाला, ही मोठी गोष्ट. पण अंगोला? १९९२ मध्ये निवडणूक झाली, साविम्बींनी निकाल नाकारला आणि हिऱ्यांच्या पैशावर पुन्हा लढाई सुरू झाली. ती थांबली फेब्रुवारी २००२ मध्ये साविम्बी मारले गेल्यावर. म्हणजे बाहेरच्यांनी दिलेल्या सवयी ते गेल्यावरही उरतात. मोझांबिकमध्ये तर बंडखोरांची रेनामो ही संघटनाच शेजारच्या ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिम्बाब्वेच्या) गोऱ्या सरकारच्या गुप्तचरांनी उभी केली. पुढे तिला दक्षिण आफ्रिकेने पोसले. तिथे १९९२ मध्ये समेट झाला.

सुदानमधे आता कोण कोणाच्या मागे हाये?

१५ एप्रिल २०२३ पासून जनरल बुरहान यांचे सैन्य आणि हेमेदती यांचे निमलष्करी दल आरएसएफ लढत आहेत. इजिप्तचा कल सैन्याकडे आहे, कारण नाईलच्या वरच्या अंगाला आपल्या ओळखीचे सरकार असावे असे त्याला वाटते. आरएसएफला संयुक्त अरब अमिराती शस्त्रे पुरवते असे आरोप आहेत. अमिराती ते नाकारते. सुदानचे सोने मोठ्या प्रमाणात तिथेच विकले जाते, हे मात्र उघड आहे. एक कोटीहून अधिक माणसे घर सोडून गेली आहेत. सुरुवातीला तिथे अडकलेल्या भारतीयांना सरकारने ‘ऑपरेशन कावेरी’ने परत आणले, तेव्हा आपल्या पेपरात चार दिवस मथळे होते. नंतर ते थांबले. लढाई थांबली नव्हती.

बाहेरचे निघून गेल्यावर शेतकऱ्याच्या वाट्याला काय येते?

भूसुरुंग. अंगोलात क्युबन, दक्षिण आफ्रिकी, सरकारी, युनिटाचे अशा सगळ्यांनी ते पेरले आणि नकाशे बहुतेक ठिकाणी ठेवले नाहीत. पेरणीसाठी जमीन नांगरायची, तर आधी माणूस गुडघ्यावर बसून धातुशोधकाने वीतवीत जमीन तपासतो, आवाज आला की सुरीने माती सैल करतो, मग पुढे सरकतो. एका शेताला महिने लागतात. शेत मोकळे झाल्याची खूण लागेपर्यंत बाया लांबच्या वाटेने पाणी आणतात. मोझांबिक २०१५ मध्ये भूसुरुंगमुक्त जाहीर झाला, लढाई संपल्यानंतर तेवीस वर्षांनी. अंगोलात हे काम अजून चालू आहे. भूसुरुंगांवर बंदी घालणारा करार १९९७ मध्ये ओटावात झाला. अमेरिका, रशिया आणि चीन त्यात नाहीत, भारतही नाही. भारताने त्यावर सही करावी, असे माझे ठाम मत आहे.